देशाचं नाव, खेळाडूचा भाव

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये कोणत्या देशाचे खेळाडू चमकतात आणि कोणत्या देशाचे फिके पडतात, हा प्रश्न विचारायला सोपा आहे आणि त्याची उत्तरंही तयारच असतात. अर्जेंटिनाचा माणूस चेंडू घेऊनच जन्माला येतो, म्हणून तो तिथे राज्य करतो. इंग्रजाला तिथला उन्हाळा मानवत नाही. इटालियन निवृत्तीचे पैसे घ्यायला येतो. मेक्सिकनाची घराची ओढ सुटत नाही. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर असलं बोलणं चालून जातं; त्यातली गंमत मलाही कळते. पण या पुस्तकातली प्रकरणं देशवार रचलेली आहेत, आणि त्यामुळे हे पुस्तकही याच वाटेने निघालं आहे, असा समज होण्याचा धोका आहे. तो आधीच दूर करावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. माझं म्हणणं असं की देश महत्त्वाचा आहे, पण तो रक्तातल्या गुणासारखा नव्हे, बाजारातल्या भावासारखा. मायदेशी खेळाडूला काय मिळतं, अमेरिकेतला क्लब त्याला काय देऊ शकतो, आणि या दोहोंतल्या तफावतीमुळे तो कोणत्या वयात, कोणत्या दाराने आत शिरतो, यावर त्याचं तिथलं नशीब बरंचसं ठरतं. पासपोर्टावरचं देशाचं नाव ही त्या हिशेबाची खूण आहे. ती खूणच कारण आहे असं मानलं की गफलत सुरू होते.

परदेशी खेळाडू आणि अमेरिका ही जोडी जुनी आहे. 1968 ते 1984 या काळात चाललेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये पेले 1975 साली न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला, त्याच्या मागोमाग किनालिया, बेकेनबाउअर, कार्लोस अल्बेर्तो आले. जॉर्ज बेस्ट, गेर्ड म्युलर, योहान क्रायफ हेही निरनिराळ्या शहरांत खेळले. 1977 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नदीपल्याड, न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर कॉसमॉसच्या एका सामन्याला 77 हजारांवर प्रेक्षक होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा संघ कलकत्त्याला येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी 2-2 असा बरोबरीत खेळला, आणि भारतातल्या एका पिढीने अमेरिकी फुटबॉल म्हणजे पेले, असं समीकरण मनात बांधून टाकलं. पुढे सात वर्षांत लीग बुडाली. खर्च मिळकतीच्या पुढे गेला होता आणि कॉसमॉसच्या मागे धावताना लहान क्लब दमून गेले होते. या बुडण्याचा धसका इतका मोठा होता की नंतरच्या लीगचे सगळे नियम जणू तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणूनच लिहिले गेले. परदेशी खेळाडूंचं भवितव्य त्या नियमांत गुंतलेलं आहे, म्हणून थोडं रुक्ष वाटलं तरी ते पाहावे लागतात.

1994 चा विश्वचषक भरवण्याच्या बदल्यात अमेरिकेने पहिल्या दर्जाची लीग सुरू करण्याचं वचन फिफाला दिलं होतं. त्यातून 1996 साली दहा संघांची मेजर लीग सॉकर उभी राहिली. तिची रचना जगावेगळी आहे. खेळाडू करार करतो तो क्लबशी नव्हे, थेट लीगशी. क्लबांचे मालक हे एकाच कंपनीचे भागीदार. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा, परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून दिलेल्या. आज प्रत्येक क्लबच्या वाट्याला अशा आठ जागा येतात, आणि गंमत म्हणजे त्या जागांचीच क्लबाक्लबांत खरेदी-विक्री चालते. म्हणजे परदेशी खेळाडू घेताना क्लब त्याचा पगार तर भरतोच, शिवाय त्याच्यासाठी एक जागाही खर्ची घालतो. युरोपात खेळाडू चांगला आहे की नाही एवढा विचार पुरतो. इथे तो त्या जागेच्या मोलाचा आहे का, हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतो. जो देश स्वस्तात चांगला खेळाडू देतो, तो या व्यवस्थेत आपोआप वर येतो. जो देश महाग आहे, त्याचे एक तर अगदी उतरत्या वयातले खेळाडू येतात, नाहीतर घरी जागा न मिळालेले.

पुरावा म्हणून मी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा वार्षिक पुरस्कार घेतो. तो परिपूर्ण मापदंड नाही, आणि त्याच्या उणिवांकडे पुढे येतोच. पण 1996 पासून सलग दिला गेल्यामुळे त्यातून काळाची रेघ दिसते. 2025 पर्यंतच्या तीस पुरस्कारांपैकी आठ अमेरिकी खेळाडूंना आणि एक कॅनडाच्या ड्वेन डी रोझारिओला मिळाला. उरलेले एकवीस परदेशी खेळाडूंचे. त्यांत अर्जेंटिनाचे सहा, स्पेनचे तीन, कोलंबियाचे दोन, होंडुरासचे दोन. आणि बोलिव्हिया, ग्वाटेमाला, ब्राझील, आयर्लंड, इटली, व्हेनेझुएला, मेक्सिको, जर्मनी यांचा प्रत्येकी एक. ही यादी जरा थांबून वाचण्यासारखी आहे. पाच विश्वचषक जिंकलेल्या ब्राझीलचा एक, आणि होंडुरासचे दोन! ज्या इंग्लंडचे खेळाडू तीच भाषा बोलत आले, त्याचा एकही नाही. फ्रान्सचाही नाही. फुटबॉलमधल्या गुणवत्तेचा नकाशा आणि हा नकाशा एकमेकांवर ठेवले तर जुळत नाहीत.

याच यादीचे दोन तुकडे केले की चित्र अधिक स्पष्ट होतं. 2010 पर्यंतचे सगळे परदेशी विजेते लॅटिन अमेरिकेतले आहेत: वाल्देरामा, एचेवेरी, पिनेदा चाकोन, कार्लोस रुईस, अमादो ग्वेव्हारा, ख्रिस्तियन गोमेझ, लुसियानो एमिलिओ, बारोस स्केलोत्तो, दाव्हिद फेरेरा. त्यात मध्य अमेरिकेतले तीन. 2014 पासून सलग बारा वर्षं पुरस्कार परदेशी खेळाडूलाच जातो आहे, पण त्यात मध्य अमेरिकेतला एकही नाही. युरोपचे मात्र सहा जण आहेत. 2004 ते 2014 या दहा वर्षांत होंडुरासच्या माणसांचे पाय अधू झाले नाहीत, की स्पॅनिश माणसाला अचानक टेक्सासची उष्णता मानवू लागली नाही. स्वभाव बदलायला एवढा काळ पुरत नाही. बदलले ते पैशाचे नियम.

सुरुवातीच्या काळात लीगकडे पैसा थोडा होता, पण मध्य अमेरिका आणि बोलिव्हियासारख्या देशांतल्या क्लबांच्या मानाने तो पुष्कळ होता. त्यामुळे त्या देशांचे पहिल्या प्रतीचे खेळाडू, तेही ऐन उमेदीत, अमेरिकेला परवडले. मार्को एचेवेरीचं उदाहरण बघा. 1994 च्या विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यात शिकागोला तो बदली खेळाडू म्हणून मैदानात आला आणि काही मिनिटांतच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. जगाच्या लेखी त्याची गोष्ट तिथे संपली. दोन वर्षांनी तोच वॉशिंग्टनच्या डी. सी. युनायटेडचा सूत्रधार झाला. त्याच्याबरोबर बोलिव्हियाचाच हाइमे मोरेनो होता, जो इंग्लंडच्या मिडल्सब्रोमध्ये रुळला नव्हता; वॉशिंग्टनला त्याने चार वेळा लीगचा चषक उचलला आणि या लीगमध्ये शंभर गोल व शंभर असिस्ट असा दुहेरी आकडा गाठणारा तो पहिला ठरला. एल साल्व्हादोरचा मौरिसिओ सिएन्फुएगोस लॉस एंजेलिसला आठ हंगाम खेळला. ग्वाटेमालाच्या कार्लोस रुईसने 2002 साली 24 गोल केले आणि अंतिम सामन्यातला निर्णायक गोलही त्याचाच. यातल्या कोणासाठीही युरोपातल्या बड्या क्लबांनी थैली सोडली नव्हती. अमेरिका ही त्यांच्या दृष्टीने मिळू शकणारी सर्वांत वरची पायरी होती, आणि वरच्या पायरीवर आलेला माणूस पाय रोवून उभा राहतो.

याउलट त्याच वर्षांत युरोपातून आलेले बडे लोक पाहा. 150 आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला लोथार माथेउस 2000 साली न्यूयॉर्ककडे आला तेव्हा 39 वर्षांचा होता. लीगमध्ये 16 सामने, गोल शून्य. तो बचावात खेळायचा म्हणून गोलांचा हिशेब सोडून देऊ, पण सामन्यांचा आकडा बोलका आहे. 1998 साली जगातला सर्वांत महागडा खेळाडू ठरलेला ब्राझीलचा देनिल्सन 2007 मध्ये डॅलसला आला आणि एका गोलावर परत गेला. नाव मोठं, लक्षण खोटं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते अन्यायाचं आहे. मोठ्या देशाच्या मोठ्या खेळाडूला मायदेशी किंवा शेजारी चांगला भाव आहे तोवर तो येतच नाही. येतो तेव्हा तो भाव उतरलेला असतो. आपण मात्र त्या उतरलेल्या भावावरून देशाचा स्वभाव ठरवतो.

2007 साली डेव्हिड बेकहॅमला आणण्यासाठी एक खिडकी उघडली गेली: ठरावीक खेळाडूला पगाराच्या मर्यादेबाहेर कितीही पैसे देण्याची मुभा. नियमाचं नाव डेझिग्नेटेड प्लेअर, पण लोक त्याला बेकहॅमचा नियमच म्हणतात. त्या वर्षी बेकहॅमचा पगार 65 लाख डॉलर होता आणि त्याच लीगमधल्या उमेदवार खेळाडूंचा किमान पगार 12,900 डॉलर. ही दरी अमेरिकेतही चेष्टेचा विषय झाली. पण माझ्या मते खरा बदल झाला तो 2015 मध्ये, जेव्हा तारे आणि उमेदवार यांच्या मधल्या खेळाडूंसाठी वेगळा पैसा बाजूला काढला गेला. त्याने लीगला एक मध्यमवर्ग मिळाला. आता क्लब अशा लोकांकडे जाऊ शकत होते जे पंचवीस-अठ्ठावीसचे आहेत, युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत चांगले खेळतात, पण अगदी वरच्या क्लबांच्या नजरेत भरलेले नाहीत. आलेहान्द्रो पोझुएलो, कार्लेस गिल, हानी मुख्तार, लुसियानो अकोस्ता हे 2020 ते 2023 चे चार सर्वोत्तम खेळाडू. पहिले दोन स्पेनचे, तिसरा जर्मनीचा, चौथा अर्जेंटिनाचा. आणि चौघांपैकी एकालाही आपल्या देशाच्या मुख्य संघात एकही सामना खेळायला मिळालेला नव्हता. पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण या लीगच्या दारावर लिहून ठेवावी.

अर्जेंटिनाचं वर्चस्वही याच चष्म्यातून पाहावं. तिथले क्लब खेळाडू घडवून विकण्यावरच जगतात आणि तिथलं चलन सतत घसरतं. पंचविशीपर्यंत युरोपात न स्थिरावलेला, तरी उत्तम असा खेळाडू तिथे दरवर्षी शिल्लक राहतो, आणि डॉलरमधला पगार त्याला हवासा वाटतो. दिएगो वालेरी लानूसहून पोर्टलंडला 2013 मध्ये आला तो असाच. 2015 च्या अंतिम सामन्यात त्याने 27 व्या सेकंदाला गोल केला, 2017 मध्ये 21 गोलांसह सर्वोत्तम ठरला. पण त्याच देशाचा पिटी मार्टिनेझ दक्षिण अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान घेऊन 2019 मध्ये अटलांटाला आला आणि अपेक्षांच्या जवळपासही पोचला नाही. अर्जेंटिनाचे खेळाडू यशस्वी होतात, यापेक्षा अर्जेंटिनाचे खूप खेळाडू तिथे येतात, आणि त्यात योग्य वयाचे अधिक असतात, हे विधान मला जास्त खरं वाटतं.

मेक्सिकोचं कोडं यानेच सुटतं. शेजारचा देश, फुटबॉलचं वेड, अमेरिकेत कोट्यवधी मेक्सिकन वंशाचे प्रेक्षक, आणि तरी पुरस्कार एक. कारण मेक्सिकोची लीग श्रीमंत आहे. मोंतेरे, तिग्रेस, क्लब अमेरिका हे संघ भरपूर पगार देतात. 2022 मध्ये सिएटलने मेक्सिकोच्या पुमासला हरवलं तोवर खंडाची चॅम्पियन्स लीग या नावाची स्पर्धा अमेरिकेच्या एकाही क्लबला जिंकता आली नव्हती. ज्याची घरची भाकरी तुपाची आहे, तो तिशीआधी कशाला जाईल? म्हणून ह्यूगो सांचेझ, लुईस एर्नांदेझ, राफाएल मार्केझ हे उशिरा आले. त्यांत कुआउतेमोक ब्लांकोने शिकागोला चौतिसाव्या वर्षीही जान आणली, हा त्याचा मोठेपणा. आणि ज्या एका मेक्सिकनाने पुरस्कार मिळवला, त्या कार्लोस वेलाचं प्रकरण नियम सिद्ध करणारं आहे: तो मेक्सिकन लीगमधून आलाच नाही. विशीच्या आत युरोपात गेला, स्पेनच्या सान सेबास्तियानमध्ये वाढला आणि 28 व्या वर्षी लॉस एंजेलिसला आला. 2019 मध्ये त्याने 34 गोल करून विक्रम केला.

इंग्लंडच्या बाबतीत एकाच घरातली दोन भावंडं पुरेशी आहेत. शॉन राइट-फिलिप्स चेल्सी आणि मँचेस्टर सिटीकडून खेळला, इंग्लंडच्या संघात होता. धाकटा ब्रॅडली इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत फिरत होता. 2013 मध्ये चार्ल्टनने सोडल्यावर चाचणी देऊन न्यूयॉर्क रेड बुल्समध्ये शिरला. पुढच्याच वर्षी त्याने 27 गोल करून तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि शंभराहून अधिक गोल करून तो क्लबचा सर्वांत मोठा गोलवीर झाला. शॉन 2015 मध्ये त्याच क्लबमध्ये आला, आणि आला तसाच विसरला गेला. देश एक, घर एक, क्लबही एक. फरक होता तो वयाचा आणि गरजेचा.

यावर जाणकार वाचक म्हणेल की हे सगळं अर्थशास्त्र झालं. खेळण्याची शैली, फुटबॉलची परंपरा याला काहीच किंमत नाही का? आहे. अर्जेंटिनात आघाडीच्या मागे उभा राहून खेळ चालवणारा दहा नंबरचा खेळाडू घडवण्याची जुनी रीत आहे, आणि अमेरिकी सामने लवकर ताणले जातात, मध्ये मोकळी जागा पडते, तिथे असा खेळाडू हवाच असतो. म्हणजे देश खेळाडूची जात ठरवतो, हे मान्य. निकाल मात्र ठरवत नाही. टोरांटोकडे बघा (कॅनडातले क्लबही याच लीगमध्ये आहेत). 2015 मध्ये तिथे इटलीचा सेबास्तियन जोव्हिंको आला: युव्हेंतसमध्ये बाकावर बसून कंटाळलेला, 28 वर्षांचा. पहिल्याच हंगामात 22 गोल, 16 असिस्ट, आणि 2017 मध्ये चषक. 2022 मध्ये तिथेच इटलीचा लोरेन्झो इन्सिन्ये आला: तोही बुटका, तोही चपळ, युरोपचा विजेता, आणि लीगच्या तोवरच्या इतिहासातल्या मोठ्यात मोठ्या पगारावर. 2023 मध्ये टोरांटो लीगमध्ये शेवटचं आलं आणि 2025 मध्ये करार मुदतीआधीच संपवला गेला. शैली सारखी, देश सारखा. पण जोव्हिंकोभोवती कामाचा संघ उभा होता, आणि इन्सिन्येच्या वाट्याला मोडकळीला आलेला. न्यूयॉर्क सिटीमध्येही 2015 साली स्पेनचा दाव्हिद व्हिया, इटलीचा पिर्लो आणि इंग्लंडचा लॅम्पार्ड एकत्र होते. तिघेही तिशी ओलांडलेले, विश्वविख्यात. टिकला आणि सर्वोत्तम ठरला तो व्हिया, आणि मला त्यात स्पेनपेक्षा त्याची जागा दिसते. आघाडीवीराला सामन्यात दहा-बारा वेळा स्फोटक धाव घ्यावी लागते. मधल्या फळीतल्या छत्तीस वर्षांच्या माणसाला अमेरिकी उन्हाळ्यात दीड तास मागे-पुढे पळावं लागतं.

दुसरा आक्षेप भाषेचा आणि वस्तीचा. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणत नाही. लीगने सुरुवातीला प्रत्येक संघाला नामवंत खेळाडू वाटून दिले तेव्हा वस्त्या डोळ्यांसमोर होत्या: गोलरक्षक होर्हे काम्पोस लॉस एंजेलिसला, दोनादोनी न्यूयॉर्क-न्यू जर्सीला. शिकागोच्या पोलिश वस्तीत पिओत्र नोव्हाक घरचा झाला आणि 1998 मध्ये क्लबने पहिल्याच वर्षी चषक जिंकला. मायामीत किंवा ह्यूस्टनमध्ये स्पॅनिश बोलून सगळा संसार चालतो, बायको-मुलं रुळतात, आणि घर रुळलं की पायही रुळतात. पण केवळ भाषेने काम भागत असतं तर इंग्लंड यादीत पहिलं असतं. आणि अंतरं तर कोणालाच चुकत नाहीत. बोस्टनहून लॉस एंजेलिस हा प्रवास मुंबई-दिल्लीच्या साडेतीन पटींहून मोठा. डेन्व्हरला समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवरची विरळ हवा. सिएटल, पोर्टलंड, व्हँकुव्हरला कृत्रिम गवत. आणि 2020 च्या करारापर्यंत हंगामात चार्टर विमानं मोजकीच, बाकी प्रवास सामान्य प्रवाशांच्या रांगेतून. लंडनहून मँचेस्टरला बसने जाऊन आलेल्या माणसाला हे जड जातं. पण ब्युनोस आयर्स किंवा मेदेयिनच्या माणसालाही ते सोपं नसतं. त्याच्याकडे परत जाण्यासाठी तितकी मऊ गादी नसते, एवढंच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. मेस्सी, झ्लातान, रॉबी कीन हे सगळे उशिरा आले, श्रीमंत होते, आणि तरी गाजले. मग वयाचं आणि गरजेचं गणित कुठे गेलं? झ्लातान इब्राहिमोविचने दोन हंगामांत 56 सामन्यांत 52 गोल केले. त्याच काळात लॉस एंजेलिस गॅलक्सीला एकही चषक मिळाला नाही. रॉबी कीनला तीन मिळाले, कारण तो आला तेव्हा त्या संघात लँडन डोनोव्हन आणि बेकहॅम होतेच, मागची फळी घट्ट होती. मेस्सी 2023 च्या जुलैत आला, लीग्ज कप ही वेगळी स्पर्धा जिंकली, पण लीगमध्ये मायामी त्या वर्षी बाद फेरीतही गेलं नाही. 2024 मध्ये विक्रमी 74 गुण, आणि पहिल्याच फेरीत अटलांटाकडून गच्छंती. चषक आला तो 2025 मध्ये, आजूबाजूला दे पॉल आणि तादेओ आयेंदेसारखे खेळाडू आणून झाल्यावर. अलौकिक माणूस गोल करतो, त्याला देश लागत नाही आणि वयही फारसं लागत नाही. असे लोक प्रत्येक गणिताबाहेर राहतात. त्यांच्यावरून गणित मांडू नये.

आता मापदंडाच्या उणिवेकडे. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार गोल करणाऱ्यांकडे झुकतो, आणि परदेशी जागाही क्लब बहुधा आघाडीवरच खर्च करतात, कारण चांगले गोलरक्षक आणि बचावपटू अमेरिकी महाविद्यालयं पुरवतात. त्यामुळे काही देशांचं यश या यादीत दिसतच नाही. जमैकाचा आंद्रे ब्लेक कनेक्टिकट विद्यापीठात शिकला, 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला आणि तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. घानाच्या राइट टू ड्रीम अकादमीतून मुलं शिष्यवृत्तीवर अमेरिकी शाळांत जातात आणि तिथून ड्राफ्टमध्ये. 2017 चा पहिला क्रमांक आबू दानलादी याच वाटेने आला. सिएरा लिओनच्या यादवीतून निसटून निर्वासित म्हणून पोचलेला केई कमारा लीगच्या इतिहासात गोलांच्या यादीत दुसरा आहे. क्युबाचा ओस्वाल्दो अलोन्सो 2007 मध्ये ह्यूस्टनला गोल्ड कपसाठी आलेल्या संघातून निसटला आणि पुढे सिएटलच्या मधल्या फळीचा कणा झाला. ही दारं वेगळी आहेत: शिक्षण, आश्रय. आणि इथे नियमाची एक बारीक तरतूद फार मोठं काम करते. ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे किंवा ज्याला निर्वासिताचा दर्जा आहे, तो अमेरिकी क्लबसाठी परदेशी धरला जात नाही; त्याची जागा मोकळी होते. ग्रीन कार्डाची वाट पाहणं म्हणजे काय, हे पुण्या-ठाण्यातल्या घरांना निराळं सांगायला नको. तिथे मात्र ही वाट क्लबही खेळाडूइतकीच आतुरतेने पाहतो.

बेकहॅमला कोणत्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न मी उघडाच ठेवला आहे. त्याच्या पहिल्या दोन हंगामांत गॅलक्सी बाद फेरीतही पोचली नाही. पण 2007 मध्ये टोरांटोने लीगमध्ये येण्यासाठी एक कोटी डॉलर भरले होते आणि 2023 मध्ये सॅन दिएगोने 50 कोटी. ही वाढ एकट्याची नव्हे, तरी तिच्यात त्याचा वाटा नाकारता येत नाही. आपल्याकडे इंडियन सुपर लीगने 2014 मध्ये हाच डाव उचलला: गोव्याला रॉबेर पिरेस, पुण्याला त्रेझेगे, मुंबईला आनेल्का. गर्दी जमली. पण एफसी गोवाचा खरा गोलवीर ठरला फेरान कोरोमिनास, ज्याचं नाव 2017 पूर्वी फातोर्ड्यात फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं. दोन हंगाम ओळीने तोच लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. ब्रॅडली राइट-फिलिप्सचीच ही कोकणी आवृत्ती.

2027 पासून ही लीग आपला हंगाम युरोपच्या वेळापत्रकाला जुळवून घेणार आहे. खेळाडूंची ने-आण मग एकाच मोसमात होईल, आणि कोणता देश कोणत्या वयाचा खेळाडू सोडेल हे गणित पुन्हा हलेल. सोन ह्युंग-मिन 2025 मध्ये लॉस एंजेलिसला आल्यावर कोरियाचं प्रकरण तर आताच जुनं वाटू लागलं आहे. म्हणून या पुस्तकातले आकडे आजचे समजावेत.

भारताचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत छोटं आहे. सुनील छेत्री गोव्याच्या धेंपो क्लबमधून 2010 च्या मार्चमध्ये कॅन्सस सिटीला गेला, वय 25, म्हणजे वरच्या हिशेबाने अगदी योग्य. पण त्याच्यामागे ना अमेरिकी महाविद्यालय होतं, ना युरोपातली मधली पायरी, ना तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाने आधी पाहिलेले चार हंगाम. परदेशी जागेचं मोल ज्यावर ठरतं ती ओळखच बाजारात नव्हती. यू. एस. ओपन कपचा एक सामना त्याला मिळाला. लीगमध्ये एकही मिनिट नाही. पुढच्या वर्षी तो भारतातल्या क्लबकडे परतला. न्यू जर्सीत किंवा बे एरियात जन्मलेलं एखादं मराठी पोर उद्या या लीगमध्ये उतरलं, तर गावाकडे पेढे वाटले जातील. पण या पुस्तकात त्याला जागा नसेल, कारण नियमाप्रमाणे ते परदेशी नाहीच.